मारुती ८०० घाटात बंद पडते आणि काटा पाव टाकी दाखवतो: आधी टाकीत पेट्रोल किती ते मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९९८ ची कार्बोरेटरवाली (कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) मारुती ८००, वडिलांची, नाशिकला इंदिरानगरला असते, शहरात काही त्रास नाही, पण मुंबईहून येताना कसारा घाटात दोन-तीनदा झटके मारून बंद पडली, पंधरा-वीस मिनिटं थांबलं की परत चालू. काटा तेव्हा पाव टाकीवर होता, इगतपुरीच्या पुढे तोच काटा हळूहळू ई वर गेला आणि घरी पोचल्यावर परत पाववर. मेकॅनिकने एसी पंप (टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देणारा, इंजिनावर चालणारा पंप) बदलला, फिल्टर बदलला, आता म्हणतो कार्बोरेटर नवीन टाका.

कार्बोरेटर आत्ता घेऊ नका. जुनं कार्बोरेटर नीट साफ करून, किट टाकून अजून कितीतरी वर्षं चालतं आणि बाजारात नवीन म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं जुन्या ओरिजिनलपेक्षा हलकं असतं, एकदा ओरिजिनल भंगारात गेलं की परत मिळत नाही. शिवाय तुमच्या गाडीत काय बिघडलंय हे अजून कोणी तपासलेलंच नाहीये, नुसते पार्ट बदलले गेलेत.

यात दोन वेगळ्या तक्रारी आहेत, एक पेट्रोल इंजिनापर्यंत न पोचण्याची आणि दुसरी काटा चुकीचं दाखवण्याची. काट्याने पाव दाखवलं म्हणून सगळ्यांनी धरून चाललंय की टाकीत सात लिटर होतं (या गाडीची टाकी साधारण २८ लिटरची). पण तोच काटा अर्ध्या तासाने ई वर जाऊन परत वर येतो, मग त्याचा पाव तरी खरा कशावरून? कदाचित टाकीत तेव्हा तीनच लिटर असेल आणि चढावर ते मागे सरकून पाइपाचं तोंड उघडं पडत असेल. म्हणजे टाकीत खरंच किती आहे हे कळल्याशिवाय पंपाबद्दल, कार्बोरेटरबद्दल काहीही बोलण्यात अर्थ नाही.

त्यासाठी टाकी सपाट जागेवर पूर्ण रिकामी करा, ड्रेनचा नट असेल तर तिथून, नसेल तर पाइप काढून. गॅरेजच्या बाहेर, मोकळ्यावर, बॅटरीची निगेटिव्ह काढून, पेट्रोल पत्र्याच्या झाकणवाल्या कॅनमध्येच घ्यायचं, उघड्या बादलीत नाही. त्यातलंच पाच लिटर मोजून परत टाका, बॅटरी जोडा, चावी ऑन करून दोन मिनिटं थांबा आणि काटा कुठे येतो त्याचा मोबाईलवर फोटो काढा. मग सावकाश पेट्रोल पंपावर जा, पाच-पाच लिटर टाका आणि प्रत्येक वेळेला दोन मिनिटं थांबून फोटो. पंपावरच्या मापाची शंका असेल तर प्रत्येक पंपाला पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवावंच लागतं, गिऱ्हाईक मागू शकतं, बिनधास्त मागा. दोन मिनिटं थांबायचं कारण असं की या जुन्या मीटरमधला काटा आतल्या बायमेटल (दोन धातूंच्या) पट्टीच्या तापण्यावर चालतो, पट्टी तापायला वेळ लागतो म्हणून काटा सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो, खड्ड्यात टाकीतलं पेट्रोल हिंदकळलं तरी म्हणून तो नाचत नाही. तुमचा काटा हळूहळू ई वर गेला याचा अर्थ पेट्रोल हळूहळू संपलं असा घेऊ नका, वायरीचा कनेक्शन एका क्षणात तुटला तरी हा काटा हळूहळूच खाली येतो.

त्या तपासणीत काय दिसेल त्यावरून अर्धं निदान होतं. सगळीकडे सारखाच कमी दाखवत असेल, फुल टाकी केली तरी काटा एफ ला पोचतच नसेल, तर बहुतेक अर्थचा, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी असलेल्या विजेच्या जोडणीचा प्रश्न आहे. या गाड्यांना टाकी फुल असली की सेंडरचा (टाकीत बसवलेलं, पेट्रोलची पातळी मीटरला कळवणारं युनिट) रेझिस्टन्स अगदी कमी असतो आणि रिकामी झाली की शंभर ओहमच्या वर जातो, म्हणजे वायरीत किंवा अर्थमध्ये गंज चढून जास्तीचा रेझिस्टन्स आला की मीटरला टाकी आहे त्यापेक्षा रिकामी वाटते. सेंडरच्या बॉडीपासून गाडीच्या स्वच्छ खरवडलेल्या पत्र्यापर्यंत एक तात्पुरती वायर लावून बघा, काटा वर सरकला तर दोष सापडला, त्रास फुकटात गेला. नाशिक शहरात गाडी फारशी गंजत नाही पण दर पावसाळ्यात इगतपुरी-घोटी करणाऱ्या गाड्यांच्या पोटाखालचे अर्थ मी पार पांढरे-हिरवे झालेले बघितलेत.

उलट काटा कायम एफ वर चिकटलेला असेल तर सेंडरची वायर कुठेतरी पत्र्याला लागतेय. कायम ई वर असेल तर वायर तुटलीय किंवा सेंडरच्या फ्लोटमध्ये (पेट्रोलवर तरंगणाऱ्या डबीत) पेट्रोल शिरून तो बुडालाय. पेट्रोल आणि टेंपरेचर दोन्ही काटे एकदम चुकीचं दाखवायला लागले तर टाकीकडे जाऊच नका, मीटरच्या आतला व्होल्टेज रेग्युलेटर किंवा मीटरचा अर्थ बघा, दोघांचा सप्लाय एकच असतो.

तुमच्या केसमध्ये मला जास्त संशय सेंडरच्या ट्रॅकचा आहे. सेंडरच्या आत बारीक तारेचं वेटोळं असतं आणि फ्लोटच्या दांडीला लागलेली पत्ती त्याच्यावरून सरकते, आता आपल्याकडे बहुतेक लोक पाचशे रुपयांचं पेट्रोल टाकून पाव ते अर्ध्यामध्येच गाडी फिरवतात, मग ती पत्ती वर्षानुवर्षं त्याच जागी घासून तिथला ट्रॅक झिजवते, आणि काटा बरोबर पावच्या आसपास आला की कधी कनेक्शन मिळतो कधी नाही. घाटात गाडी तिरकी, पेट्रोल मागे, फ्लोट वेगळ्या जागी, पत्ती नेमकी झिजलेल्या ठिकाणी आली आणि काटा पडला, घरी सपाटीला आली की परत लागला. तुम्ही सांगितलेल्या खुणा याच्याशी तंतोतंत जुळतात.

खात्री करायला आधी मीटर तपासा. सेंडरची वायर काढा आणि तिला मीटरमधल्यासारखा छोटा १२ व्होल्ट ३.४ वॅटचा बल्ब लावून बल्बचं दुसरं टोक अर्थला द्या, चावी ऑन करा. बल्ब पेटला आणि काही सेकंदांनी काटा हलायला लागला की मीटर आणि वायरिंग ठीक. वायर डायरेक्ट अर्थला लावून ठेवायची सवय बऱ्याच जणांना आहे, ती सोडा, जास्त वेळ ठेवलं तर मीटरची पट्टी जळते, आणि टाकीच्या तोंडाशी ठिणगी पाडण्याएवढी वाईट गोष्ट दुसरी नाही. ही तपासणी टाकी बंद असताना, पेट्रोलचा वास नसताना, टाकीपासून लांबच्या कनेक्टरवर करायची.

मग सेंडर बाहेर काढायचा. मल्टीमीटर २०० ओहमवर ठेवून फ्लोटची दांडी हाताने अगदी सावकाश वरून खाली न्या. आकडा सलग वाढत गेला पाहिजे. मधे कुठे एकदम ‘ओएल’ किंवा नुसता १ दिसला तर ट्रॅक तिथे तुटलाय. नुसती काजळी-काळपटपणा असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशने पुसा, पॉलिश पेपर लावू नका, तार केसासारखी बारीक असते. पत्ती किंचित बाजूला वाकवून ती वेटोळ्याच्या न झिजलेल्या जागेवरून फिरेल असं करता येतं, हात हलका पाहिजे पण होतं. तार तुटलेलीच असेल तर मात्र नवीन युनिट. परत बसवताना पॅकिंग नवीनच घ्या आणि त्याला शेलॅक लावू देऊ नका. जुने मिस्त्री प्रेमाने लावतात आणि पूर्वी ते चालायचं, पण शेलॅक म्हणजे लाख, ती अल्कोहोलमध्ये विरघळते आणि आजच्या पेट्रोलात इथेनॉल, म्हणजे अल्कोहोलच आहे. साधं सिलिकॉनही पेट्रोलात फुगून निघून येतं. चांगलं रबर पॅकिंग कोरडं बसवलं की पुरतं.

सेंडर काढलाच आहे तर टॉर्चने टाकीत जरूर बघा, बॅटरीवरचा बंद टॉर्च हं, होल्डरचा बल्ब नाही. तळाला तांबडा गाळ आहे का, पेट्रोल ओढणारा पाइप कसा आहे, त्याची जाळी आहे का. त्या पाइपाला वरच्या अंगाला गंजून बारीक भोक पडलेलं असेल तर पेट्रोल भोकाच्या वर आहे तोवर गाडी झकास चालते आणि पातळी भोकाखाली गेली की पंप पेट्रोलाऐवजी हवा ओढतो, रसाच्या ग्लासातली स्ट्रॉ मधेच चिरलेली असली की कसं होतं तसं. अशी गाडी टाकीत पाच-सहा लिटर शिल्लक असताना ‘पेट्रोल संपल्यासारखी’ बंद पडते, लोक पंप बदलतात, कार्बोरेटर बदलतात, आणि टाकी फुल केली की बरी होते म्हणून नवीन पार्टला श्रेय मिळतं, पंधरा दिवसांनी परत तेच. तुमचा पंप बदलल्यावर गाडी ‘काही दिवस बरी होती’ असं तुम्ही लिहिलंय, त्या दिवसांत टाकी किती भरलेली होती ते वडिलांना विचारा.

आता बंद पडण्याकडे येऊ. थांबल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप चालू होणं या एका खुणेला कमीत कमी चार कारणं आहेत आणि चारही बाहेरून एकसारखी दिसतात, म्हणून मेकॅनिकलाही मी दोष देत नाही. पेट्रोलची लाइन तापून आत वाफ धरते, थंड झाली की जाते. टाकीचं झाकण श्वास घेत नाही, टाकीत व्हॅक्यूम तयार होतो, पंपाला ओढवत नाही, थोड्या वेळाने हवा झिरपून आत गेली की परत चालू. टाकीतला गाळ ओढून जाळीला चिकटतो आणि इंजिन बंद होऊन ओढ थांबली की गळून खाली पडतो. आणि चौथं, पेट्रोलचा काही संबंध नाही, इग्निशन कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी करंट देणारी) तापून करंट देणं बंद करते आणि थंड झाली की परत देते.

यातलं कुठलं ते ठरवायची वेळ म्हणजे गाडी बंद पडल्यानंतरची पहिली दोन मिनिटं. गाडी कडेला घ्या, हॅझार्ड लावा (घाटात वळणावर थांबू नका, ट्रकवाल्याला दिसाल अशा जागी), बोनेट उघडा आणि कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरच्या (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या कप्प्याच्या) बाजूला छोटी गोल काच असते तिच्यात बघा. पेट्रोल मध्यावर दिसतंय म्हणजे पेट्रोल पोचतंय, तुमचा शोध कॉइल आणि डिस्ट्रिब्युटरकडे (प्लगांना करंट वाटणाऱ्या भागाकडे) वळवा. काच काळी पडलेली असेल तर एअर क्लीनरचं झाकण काढून, इंजिन बंदच ठेवून, हाताने अ‍ॅक्सिलरेटरची तार ओढा, घशात पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली पाहिजे. उडाली तर पेट्रोल आहे, नाही उडाली तर चेंबर कोरडा आहे. एवढ्या एका गोष्टीने अर्धी यादी बाद होते आणि यासाठी एकही पाना लागत नाही.

चेंबर कोरडा निघाला तर लगेच टाकीचं झाकण उघडा. ‘सुस्स’ करून हवा आत जोरात ओढली गेली आणि त्यानंतर सेल्फ मारल्यावर गाडी चालू झाली तर गुन्हेगार झाकण. लॉकवाली डुप्लिकेट झाकणं बाजारात भरपूर आहेत आणि त्यातल्या काहींना हवेचा व्हॉल्व्हच धड नसतो. आवाज आला नाही तर पंपावर आणि पंपाच्या लाइनवर ओलं फडकं ठेवा, डिस्ट्रिब्युटरवर आणि सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पाणी जाऊ देऊ नका. दोन-तीन मिनिटांत चालू झाली तर वाफ धरतेय. फडक्यानेही नाही आणि झाकणानेही नाही, पण वाट बघितल्यावर झाली, तर टाकीतला गाळ.

वाफेबद्दल जरा जास्त लिहितो कारण एप्रिल-मे मध्ये घाट चढून नाशिकला येणाऱ्या कार्बोरेटर गाड्यांचा हा जुना त्रास आहे आणि आता तो वाढलाय. घाटात ट्रकच्या मागे सेकंड गिअरमध्ये इंजिन तापतं, समोरून वारा नाही, आणि हा एसी पंप इंजिनाच्या हेडलाच बसवलेला, कॅमशाफ्टवर चालणारा. टाकी ते पंप ही सगळी लाइन ओढीवर असते आणि दाब कमी असलेल्या ठिकाणी पेट्रोल लवकर उकळतं. मारुतीच्या पंपाला तीन निपल असतात, येणारं, जाणारं आणि टाकीकडे परतणारं, हा परतीचा पाइप गरम पेट्रोल आणि वाफ टाकीत परत नेतो. तो दुमडलेला असेल किंवा कोणी ‘काय कामाचा’ म्हणून बंद केलेला असेल (मी असे बोल्ट ठोकून बंद केलेले पाइप पाहिलेत) तर वाफ जाणार कुठे? आणि टाकीत पेट्रोल कमी असलं की तेच थोडं पेट्रोल पुन्हा पुन्हा गरम होऊन फिरत राहतं, म्हणून हा त्रासही नेमका पाव टाकीला जास्त जाणवतो. पंप नवीन बसवताना पंप आणि हेडच्या मधला जाड इन्सुलेटर परत बसवलाय का ते बघा, बऱ्याचदा तो जुन्या पंपाबरोबर फेकला जातो.

इथेनॉलचं म्हणाल तर २०२५ पर्यंत देशभर २० टक्के मिश्रण आलंय आणि त्याला साजेशा मटेरियलच्या गाड्या एप्रिल २०२३ नंतरच्या. १९९८ च्या गाडीची रबरं त्यासाठी बनलेलीच नव्हती. जुने होज आतून फुगतात, मऊ होऊन त्यांचे काळे कण सुटतात, किंवा कडक होऊन टोकाला चिरतात. वर इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवून लाइनमध्ये आणतं, म्हणून नवीन फिल्टर महिन्याभरात तांबडा दिसला तर आश्चर्य नाही, तो परत बदला. पाणी पण धरतं, तेव्हा गाडी पावसाळ्यात महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर जुनं पेट्रोल ठेवू नका.

ओढीच्या बाजूचा चिरलेला होज तर फार फसवा असतो, कारण तिथे पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. गाडीखाली थेंब नाही म्हणून माणूस निर्धास्त. पारदर्शक फिल्टर बसवा, इंजिन चालू ठेवून बघा, सुरुवातीचे एक-दोन बुडबुडे सोडा, पण सतत बारीक बुडबुड्यांची माळ येत असेल तर टाकी ते पंपामधे कुठेतरी हवा घेतेय. माझं मत असं की तपासत बसण्यापेक्षा टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे एकदाच बदलून टाका, परतीचे धरून. होजवर ‘एसएई जे३० आर९’ छापलेलं बघून घ्या, मीटरच्या मापाने कापून मिळतो, जुना तुकडा घेऊन जा आणि आतला व्यास जुळवा. पारदर्शक प्लास्टिकची नळी लावू नका, ती उन्हाने आणि इंजिनाच्या तापाने कडक होऊन निपलवरून सुटते, आणि बोनेटखाली सुटलेली पेट्रोलची नळी म्हणजे गाडीला आग. क्लिपसुद्धा फ्युएल होजच्या घ्या, दातेरी क्लिप पातळ होजला कापते.

नवीन पंपावरही आंधळा विश्वास नको. पंपाच्या बॉडीला खाली एक बारीक भोक असतं, तिथे ओल दिसली की डायफ्राम (पंपाच्या आतला पडदा) फाटलाय. ऑइलची दांडी काढून वास घ्या, ऑइलला पेट्रोलचा वास आणि पातळी वाढलेली असेल तर पेट्रोल इंजिनाच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय, अशी गाडी चालवू नका, पंप आणि ऑइल दोन्ही बदला, पातळ ऑइलवर बेअरिंग जातात.

शेवटचं पण सगळ्यात कळकळीने सांगायचं ते इलेक्ट्रिक पंपाबद्दल. हा प्रश्न दोन-चार ठिकाणी फिरवलात की कोणीतरी सांगणारच की एसी पंप काढून टाका, इलेक्ट्रिक लावा, कटकट जाईल. कार्बोरेटरच्या नीडल व्हॉल्व्हला (पेट्रोल आत सोडणाऱ्या झडपेला) साधारण ३ ते ४ पीएसआय दाब झेपतो, आणि एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरवाल्या) गाडीचा पंप ४० पीएसआयच्या आसपास देतो, तो लावला तर कार्बोरेटर ओसंडून गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल सांडेल. कमी दाबाचा बरोबर पंप घेतला तरी तो चावीवर डायरेक्ट जोडलेला असेल तर अपघात होऊन इंजिन बंद पडलं तरी तो पेट्रोल ओततच राहतो. ऑइल प्रेशर स्विचमधून रिले लावून, फ्यूज टाकून, म्हणजे इंजिन थांबलं की पंप थांबेल असं वायरिंग करणारा माणूस मिळाला तरच तो विचार करा, आणि तुमच्या गाडीला मला त्याची गरज दिसत नाहीये.

तुम्ही आधी पाच-पाच लिटरवाली तपासणी या रविवारी करून घ्या, मग सेंडर आणि टाकी, मग होज. तोवर घाटात जायचंच असेल तर टाकी अर्ध्याच्या वर ठेवा आणि दुपारचं ऊन टाळा. काटा कुठल्या लिटरला कुठे आला आणि परत बंद पडली तर काचेत पेट्रोल होतं की नव्हतं, एवढ्या दोन गोष्टी लिहून पाठवा, त्यावरून पुढचं सांगतो.